इन्सुलिन पंप घेतल्यावर नेमके काय बदलते?

नदीकाठ

माझ्या मुलीला टाइप वन मधुमेह आहे. ती आता पौगंडावस्थेत आहे आणि पेनने इन्सुलिन घेते: रात्री दीर्घकाळ टिकणारे आणि प्रत्येक जेवणाआधी जलद काम करणारे. कर्बोदकांचा हिशेब तिला चांगला जमतो, तपासण्याही ती टाळत नाही. तरीही पहाटे तिची साखर चढते, आणि ती आटोक्यात आणण्यासाठी रात्रीचा डोस वाढवला की मध्यरात्रीनंतर हायपो होतो, म्हणजे साखर फार खाली जाते. डोस कमी केला की पहाट बिघडते, वाढवला की रात्र बिघडते, असे आम्ही बराच काळ करत आहोत. तिच्या डॉक्टरांनी पंपाचा विचार करायला सुचवले आहे. माहितीपत्रकांत पंपाचे गुणच वाचायला मिळतात, म्हणून वापरणाऱ्यांना विचारते. पंपामुळे नेमके काय बदलते, काय अजिबात बदलत नाही, आणि तो बंद पडला तर काय करायचे?

अनाहत

तुम्ही सांगितलेली अडचण हे पंप घेण्याचे सर्वांत सबळ कारण आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

पहाटे शरीरात वाढीचे संप्रेरक आणि कॉर्टिसॉल यांचे प्रमाण वाढते, यकृत रक्तात ग्लुकोज सोडू लागते आणि इन्सुलिनचा प्रभाव कमी पडतो. मधुमेह नसलेल्या माणसाचे स्वादुपिंड त्या वेळी थोडे जास्त इन्सुलिन सोडून हे निस्तरते. पौगंडावस्थेत वाढीचे संप्रेरक जास्त असल्यामुळे पहाटेची ही चढ या वयात अधिक ठळक दिसते. दीर्घकाळ टिकणारे इन्सुलिन एकदा टोचले की त्याचा प्रभाव दिवसभर साधारण सारखाच राहावा अशीच त्याची रचना असते. रात्री दोन वाजता कमी आणि पहाटे पाच वाजता जास्त, असे त्याला सांगता येत नाही, आणि टोचलेले परतही घेता येत नाही.

पंपात दीर्घकाळ टिकणारे इन्सुलिन नसतेच. त्यात फक्त जलद इन्सुलिन असते आणि पंप ते दर काही मिनिटांनी अतिशय थोड्या मात्रेत त्वचेखाली सोडत राहतो. हे झाले बेसल. त्याचा ताशी दर वेगवेगळ्या वेळांसाठी वेगवेगळा ठेवता येतो. केवळ उदाहरण म्हणून सांगायचे तर मध्यरात्री ताशी 0.5 युनिट आणि पहाटे तीनपासून सातपर्यंत ताशी 0.8 युनिट असे ठरवता येते. पेनने सहसा एक किंवा फार तर अर्ध्या युनिटाच्या पायरीने डोस बदलता येतो, तर बऱ्याच पंपांत ताशी दर 0.05 किंवा 0.025 युनिटाने हलवता येतो. ज्यांना एकूण इन्सुलिनच कमी लागते अशा लहान मुलांमध्ये हा फरक फार मोठा ठरतो. मात्र त्वचेखाली सोडलेले जलद इन्सुलिनही काम सुरू करायला वेळ घेतेच, त्यामुळे साखर पाचला चढत असेल तर दर तीन-साडेतीनलाच वाढवावा लागतो. नव्याने पंप घेतलेले बरेच जण पाचचा दर पाचला वाढवतात आणि मग काहीच फरक का पडत नाही म्हणून चिडतात.

जेवणाआधी जो डोस देतो तो बोलस. तो बटण दाबूनच द्यायचा असतो. पंपातील गणकयंत्र कर्बोदकांचे ग्रॅम, सध्याची साखर आणि आधीच्या डोसमधील अजून शरीरात शिल्लक असलेले इन्सुलिन यांवरून आकडा सुचवते. शिल्लक इन्सुलिनचा हा हिशेब मला व्यक्तिशः फार मोलाचा वाटतो. जलद इन्सुलिनचा प्रभाव तीन ते पाच तास टिकतो, आणि साखर खाली येत नाही म्हणून दीड तासाने दुसरा डोस, मग तिसरा डोस, असे एकावर एक चढवल्यामुळे येणारे हायपो त्याने बरेच टळतात.

काय बदलत नाही, तेही लिहितो. कर्बोदके मोजावी लागतात. बोलस जेवणाच्या दहा ते वीस मिनिटे आधी द्यावा लागतो. पंपाला जेवण कळत नाही, आणि विसरलेला बोलस पंपावरही विसरलेलाच राहतो. पंप असूनही साखर वरच राहते अशा मुलांमध्ये, यंत्र निर्दोष असतानाही, बोलस चुकवणे हे अगदी नेहमीचे कारण असते.

मध्यमा

मी इन्सुलिन घेणाऱ्यांना प्रशिक्षण देण्याचे काम करते. पंप बंद पडला तर काय, या प्रश्नाचे उत्तर अनाहत यांच्या वरच्याच वाक्यात दडलेले आहे: पंपात दीर्घकाळ टिकणारे इन्सुलिन नसते. पेनवर असलेल्या व्यक्तीने एखादे जेवणाचे इंजेक्शन चुकवले तरी रात्रीचे इन्सुलिन पाठीशी असते. पंपावर असा काही साठा नसतो. कॅन्युला (त्वचेखाली बसवलेली बारीक नळी) दुमडली, पंपापासून येणारी नळी निसटली, रिझर्व्हायर (पंपातील इन्सुलिनची कुपी) संपला, तर शेवटच्या थेंबाचा प्रभाव ओसरला की शरीरात इन्सुलिन राहत नाही. साखर तासा-दोन तासांत चढू लागते आणि काही तासांत कीटोन, म्हणजे इन्सुलिनअभावी चरबी जळताना बनणारी आम्ले, तयार होऊ लागतात. दुर्लक्ष झाले तर रात्रभरात कीटोॲसिडोसिसपर्यंत, म्हणजे कीटोनमुळे रक्त आम्लधर्मी होण्यापर्यंत, मजल जाऊ शकते, आणि ती जीवघेणी स्थिती आहे.

पंप अडथळ्याची सूचना देतो, पण तिच्यावर विसंबू नका. ती सूचना नळीतील दाब वाढल्यावर मिळते. बेसलचा दर कमी असेल तर तेवढा दाब साचायला कित्येक तास लागतात. शिवाय कॅन्युला त्वचेतून बाहेर सरकली आणि इन्सुलिन चिकटपट्टीखाली ओघळत राहिले, तर दाब वाढतच नाही आणि पंप गप्प राहतो. अशा वेळी पट्टीपाशी ओल लागते आणि इन्सुलिनचा विशिष्ट, औषधी वास येतो. तो वास तुमच्या मुलीला ओळखता आला पाहिजे.

म्हणून मी प्रत्येकाला एकच नियम आधी पाठ करायला लावते. साखर कारण कळत नसताना 250 मिग्रॅ प्रति डेसिलिटरच्या वर गेली, तर पंपातून एक करेक्शन (चढलेली साखर उतरवण्यासाठीचा जादा डोस) देऊन तासाभराने पुन्हा पाहायचे आणि कीटोन तपासायचे. साखर खाली येत नसेल किंवा कीटोन वाढलेले असतील, तर पुढचा डोस पंपातून द्यायचा नाही. तो पेनने द्यायचा आणि मग कॅन्युला आणि नळी असा संपूर्ण सेट नव्या जागी बदलायचा. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण कॅन्युलाच खराब असेल तर तिच्यातून दिलेला करेक्शनही वाया जातो, आणि पंपाच्या नोंदीत मात्र तो दिला गेल्याचे दिसते. त्यामुळे पुढचे सगळे हिशेब चुकतात. रक्तातील कीटोन 0.6 मिलिमोल प्रति लिटरच्या खाली असतील तर ठीक. 1.5 च्या वर गेले तर डॉक्टरांशी लगेच बोलायचे, आणि 3 च्या वर किंवा उलट्या सुरू झाल्यास थेट रुग्णालय गाठायचे. आजारपणात जेवण जात नसले तरी बेसल बंद करायचे नसते, हेही इथेच सांगून ठेवते.

घरात आणि शाळेच्या दप्तरात जलद इन्सुलिनचे पेन, सुया, जादा सेट, कीटोनच्या पट्ट्या आणि पंपाची बॅटरी अथवा चार्जर कायम असावा. दीर्घकाळ टिकणाऱ्या इन्सुलिनचे एक पेन घरी शीतकपाटात ठेवावे आणि त्याची मुदत वेळोवेळी पाहावी. पंपातील सर्व दर आणि गुणोत्तरे (एक युनिट किती ग्रॅम कर्बोदकांना पुरते, असे आकडे) कागदावर लिहून ठेवावीत. यंत्र पूर्ण बंद पडले की त्यातील आकडेही वाचता येत नाहीत, आणि नव्या यंत्रात ते कोणालाही तोंडपाठ सांगता येत नाहीत.

रानवाटा

मी काही वर्षे पंप वापरला आणि विचारपूर्वक पेनकडे परत आलो, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

पंपाची कल्पना नवी नाही. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला लॉस एंजेलिसचे डॉक्टर आर्नोल्ड कॅडिश यांनी बनवलेला पंप पाठीवर बांधायच्या पिशवीएवढा होता. 1978 मध्ये लंडनच्या गायज हॉस्पिटलमधील जॉन पिकअप, हॅरी कीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्वचेखाली सतत इन्सुलिन सोडण्याची पद्धत प्रसिद्ध केली. पण टाइप वन मधुमेहाच्या उपचारांची दिशा बदलली ती 1993 मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीसीसीटी या अमेरिका-कॅनडातील चाचणीने. तिच्यात 1441 जण होते. साखर काटेकोरपणे सांभाळणाऱ्या गटात, आधी डोळ्यांचा त्रास नसलेल्यांमध्ये, दृष्टिपटलाच्या विकाराचा धोका 76 टक्क्यांनी घटला, आणि त्याच गटात गंभीर हायपोचे प्रमाण सुमारे तिप्पट झाले. त्या गटात पंप वापरणारे होते, तसेच दिवसातून तीन किंवा अधिक इंजेक्शने घेणारेही होते. डोळे वाचवले ते काटेकोर नियंत्रणाने. साधन कोणते होते, हा दुय्यम मुद्दा होता.

माझ्या बाबतीत पोटावर आणि कमरेवर चरबीच्या गाठी झाल्या. तिथे कॅन्युला घातली की इन्सुलिन कधी शोषले जायचे, कधी नाही. जागा बदलत राहणे हा उपाय आहे, पण दर दोन-तीन दिवसांनी नवी जागा शोधायची, तीही नाभीपासून थोडी दूर आणि पट्ट्याखाली न दबणारी, हे काही वर्षांनी कठीण होते. चिकटपट्टीची ॲलर्जी, झोपेतल्या सूचना, दर महिन्याला लागणाऱ्या साहित्याचा न संपणारा खर्च, हे वेगळेच. पहाटेचा त्रास मला फारसा नव्हता, त्यामुळे पंपाचा मुख्य लाभ मला मिळतच नव्हता. आज मी पेन आणि सेन्सर (अंगावर लावलेले, साखर सतत मोजणारे छोटे यंत्र) वापरतो आणि समाधानी आहे. तुमच्या मुलीची गोष्ट वेगळी आहे हे मान्य, पण पंप म्हणजे वरची पायरी आणि पेन म्हणजे खालची, अशी जी मांडणी केली जाते ती मला पटत नाही.

नदीकाठ

सर्वांचे आभार. मध्यमाताई, तुम्ही दिलेला क्रम मी लिहून घेतला आहे. आणखी दोन प्रश्न आहेत. सेन्सर आधी घ्यावा की पंप? आणि ती पोहते व धावण्याच्या स्पर्धांतही भाग घेते, त्या वेळी पंपाचे काय करायचे?

उंबरठा

सेन्सर आधी, असे माझे ठाम मत आहे. साखर रात्रभर कशी हलते ते दिसल्याशिवाय बेसलचे दर ठरवणे म्हणजे अंधारात दगड मारणे आहे.

सेन्सर त्वचेखालील द्रवातील ग्लुकोज मोजतो, रक्तातील नव्हे, त्यामुळे साखर वेगाने हलत असताना तो पाच ते पंधरा मिनिटे मागे असतो. त्याच अंगावर झोपल्यास दाबामुळे तो खोटा हायपोही दाखवतो. लक्षणे आणि आकडा जुळत नसतील तर बोटावर तपासावे. 2019 मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी ठरवलेले लक्ष्य असे आहे, की दिवसाच्या 70 टक्क्यांहून अधिक वेळ साखर 70 ते 180 च्या दरम्यान असावी आणि 70 च्या खाली 4 टक्क्यांहून कमी वेळ असावी. तुमच्या मुलीच्या रात्रीच्या हायपोसाठी मी एचबीएवनसीपेक्षा हा दुसरा आकडा आधी पाहीन. एचबीएवनसी ही गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेशी जोडलेली रक्ततपासणी आहे. रात्रीची घसरण आणि पहाटेची चढ त्या सरासरीत एकमेकींना झाकून टाकतात.

सेन्सर आणि पंप एकमेकांशी बोलू लागले की खरा फरक दिसतो. आधी साखर खाली गेल्यावर बेसल थांबवणारे पंप आले, मग ती खाली जाणार असा अंदाज घेऊन आधीच थांबवणारे आले. 2016 मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने मिनिमेड 670जी या पंपाला मान्यता दिली. तो सेन्सर पाहून बेसल स्वतः कमी-जास्त करणारा पहिला व्यापारी पंप होता. त्याआधीच काही रुग्ण आणि पालकांनी आपापसांत संगणकीय आज्ञावली लिहून असे संच स्वतः जोडले होते, पण त्याची जबाबदारी पूर्णपणे वापरणाऱ्यावर येते. अशा पंपांवर रात्र सर्वांत आधी सुधारते, कारण रात्री जेवण नसते आणि यंत्राला फक्त बेसलशी झुंजायचे असते. जेवणाचा बोलस मात्र अजूनही आपणच द्यायचा असतो.

एक सवय बदलावी लागते. पेनवर हायपो झाला की 15 ग्रॅम ग्लुकोज घेण्याचा नियम आहे. स्वयंचलित पंपाने बेसल आधीच थांबवलेले असते, त्यामुळे बऱ्याचदा त्याहून कमी पुरते, आणि पूर्ण 15 ग्रॅम घेतले की साखर उसळते.

रानवाटा

उंबरठा यांच्याशी बहुतांशी सहमत. पण स्वयंचलित पंप चुकीची गुणोत्तरे झाकून ठेवतो. जेवणाला इन्सुलिन कमी पडेल असे गुणोत्तर ठेवलेले असते, यंत्र तासन्‌तास बेसल वाढवून ते भरून काढते, आणि सेन्सर निसटल्याच्या दिवशी यंत्र साध्या पद्धतीवर गेले की सगळे उघडे पडते. आधी हाताने पंप चालवायला शिकावे आणि मगच यंत्राकडे सोपवावे.

उंबरठा

आधी कित्येक महिने हाताने चालवा, हे मला लहान मुलांच्या पालकांवर अकारण लादलेले ओझे वाटते. त्या काळात झोप त्यांचीच जाते. पण स्वयंचलित पद्धत बंद पडली तर काय करायचे याचा सराव हवा, हे मान्य.

अनाहत

खेळाबद्दल. नळीचा पंप जागेवरून सोडवता येतो, कॅन्युला अंगावर राहते. पोहताना बहुतेक जण तो काढून ठेवतात. साधारण तासाभरापर्यंत चालते, त्याहून जास्त वेळ असेल तर मध्ये जोडून थोडे इन्सुलिन द्यावे लागते. नळी नसलेले, थेट अंगावर चिकटणारे पंपही आहेत. त्यातले काही पाण्यात चालतात, पण ते मधेच काढून पुन्हा लावता येत नाहीत.

दीर्घ, संथ धावण्याने साखर उतरते. त्यासाठी धाव सुरू होण्याच्या एक-दीड तास आधी बेसल तात्पुरते निम्म्यावर आणावे लागते. सुरुवातीलाच कमी करून उपयोग नाही, कारण आधीचे इन्सुलिन शरीरात असतेच. याउलट छोट्या, जोरदार शर्यतीत ॲड्रेनॅलिनमुळे साखर चढते. ती बघून लगेच पूर्ण करेक्शन देऊ नये, कारण काही तासांनी ती उतरते आणि त्या रात्रीचा हायपो बऱ्याचदा तिथूनच येतो. संध्याकाळच्या सरावानंतर रात्रीचे बेसल थोडे कमी ठेवणे हा पंपाचा असा फायदा आहे, जो पेनवर मिळवणे अवघड आहे.

जाता जाता: एमआरआयच्या खोलीत पंप नेऊ नये. उन्हात नळीतले आणि रिझर्व्हायरमधले इन्सुलिन तापून निकामी होऊ शकते. विमान वर चढताना दाब कमी झाल्याने रिझर्व्हायरमध्ये बुडबुडे तयार होऊन थोडे जास्त इन्सुलिन ढकलले जाऊ शकते, म्हणून मी उड्डाणानंतर नळीतले बुडबुडे पाहतो.

पिंपळपान

मीही एका मुलीची आई आहे, म्हणून एक वेगळा मुद्दा मांडते. पंप मुलीला हवा आहे का, हे तिला एकटीला विचारून पाहा. अंगावर चोवीस तास दिसणारी वस्तू या वयात सोपी नसते, आणि आईच्या समाधानासाठी घेतलेला पंप मुली कपाटात ठेवतात. मासिक पाळीच्या आधीच्या काही दिवसांत माझ्या मुलीची इन्सुलिनची गरज वाढते आणि पाळी सुरू झाली की झपाट्याने उतरते. त्यासाठी आम्ही बेसलचा वेगळा आराखडा साठवून ठेवला आहे आणि तो कधी लावायचा हे तीच ठरवते. तिची साखर माझ्या फोनवर दिसते, पण जेवणाच्या टेबलावर आकड्यांवरून बोलायचे नाही असे आम्ही ठरवून घेतले. त्याआधी घरात रोज भांडणे होत असत.

मध्यमा

सुरुवातीचे आकडे कसे ठरतात हे थोडक्यात सांगते. ते अर्थातच डॉक्टरांनीच ठरवायचे आहेत. पेनवरचे दिवसाचे एकूण इन्सुलिन साधारण 20 ते 25 टक्क्यांनी कमी करून सुरुवात केली जाते आणि त्याचा सुमारे निम्मा भाग बेसलला दिला जातो. 500 ला दिवसाच्या एकूण युनिटांनी भागले की एक युनिट किती ग्रॅम कर्बोदकांना पुरेल त्याचा अंदाज येतो. 1800 ला भागले की एक युनिट साखर किती मिग्रॅने उतरवेल तो अंदाज येतो. दिवसाला 40 युनिटे लागत असतील तर 12.5 ग्रॅम आणि 45 मिग्रॅ. पुढचे सगळे निरीक्षणावर ठरते. बेसल तपासण्यासाठी एखादे जेवण पुढे ढकलून किंवा टाळून साखर सपाट राहते का ते पाहायचे. आधी रात्र नीट बसवायची आणि मग जेवणांची गुणोत्तरे हाती घ्यायची. जड, स्निग्ध जेवणाने साखर कित्येक तासांनी चढते. त्यासाठी बोलसचा काही भाग लगेच आणि उरलेला दोन-तीन तासांत पसरून देता येतो, पण ही सोय पहिल्या महिन्यात वापरू नये. एका वेळी एकच गोष्ट बदलली तर कशामुळे काय झाले ते कळते.

नदीकाठ

मुलीशी बोलले. तिला नळी नको आहे, पण सेन्सर हवा आहे. म्हणून आधी सेन्सर घेऊन रात्रीचा आलेख पाहायचा, आणि मग डॉक्टरांच्या देखरेखीखाली इन्सुलिनऐवजी सलाईन भरलेला पंप काही दिवस अंगावर लावून बघायचा, असे ठरवले आहे. त्या काळात पेन चालूच राहील. पुढे पंप घेतलाच, तर कॅन्युला दिवसातून कोणत्या वेळी बदलावी? ती शाळेतून संध्याकाळी उशिरा येते आणि झोपण्याआधीचीच वेळ मोकळी असते.

मध्यमा

झोपण्याआधीची वेळ नको. नवी कॅन्युला दुमडलेली असेल तर ते तासा-दोन तासांनी साखरेवरून कळते, आणि तेव्हा ती झोपलेली असेल. सकाळच्या किंवा संध्याकाळच्या जेवणाआधी बदला, म्हणजे लगेच मोठा बोलस जाऊन कॅन्युलातून इन्सुलिन नीट वाहते आहे की नाही हे दिसेल. मऊ कॅन्युला असेल तर आत घातल्यावर तिच्यातली छोटी पोकळी भरण्याची पायरी विसरू नका. दोन तासांनी साखर पाहा, आणि ती ठीक दिसेपर्यंत जुनी कॅन्युला अंगावरच राहू द्या.